देणे

'आपण समाजाचे काही देणे लागतो' हे वाक्य मराठी माणसाने आयुष्यात किती वेळा ऐकले असेल, याची मोजदाद करणे कठीण आहे. सत्कार-समारंभ असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की पतपेढीचा वर्धापनदिन असो, प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात ते हमखास येते. आपण टाळ्या वाजवतो आणि चहापानाकडे वळतो. परंतु या वाक्यात एक मौज दडलेली आहे. 'देणे' हा शब्द क्रियापद म्हणून वापरला की दान सूचित होते आणि नाम म्हणून वापरला की कर्ज. देणारा मोठा आणि देणेकरी लहान, ही आपली व्यवहारातली समजूत. भाषेने मात्र दोघांनाही एकाच शब्दात बसवून ठेवले आहे. ज्याला आपण दान म्हणतो ती बहुतेक वेळा कुठल्या तरी जुन्या कर्जाची परतफेड असते, असे तर आपल्या पूर्वजांना सुचवायचे नसेल?

मला हा अर्थ शब्दकोशात सापडला नाही. तो वडिलांच्या हिशेबाच्या वहीत सापडला.

आमचे घर वसईतल्या एका लहान बागायतदाराचे. विहिरीवर रहाट, विहिरीभोवती केळीची वाडी, थोडी पानवेल आणि पावसाळ्यापुरते भाताचे एक शेत. वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण हिशेबाला ते पक्के होते. लाल कापडी बांधणीच्या एका वहीत ते घरातले सगळे देणे-घेणे लिहून ठेवीत. शेजारून आणलेले बियाण्याचे भात, वाण्याची उधारी, बैल आजारी पडला तेव्हा मामांकडून घेतलेली रक्कम, असे सारे त्या वहीत होते. कर्ज फिटले की त्या नोंदीवर आडवी रेघ मारून समोर 'फिटले' असे लिहीत. ती रेघ मारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते सणाच्या दिवशीही दिसत नसे.

१९६८ साली मी अध्यापक विद्यालयात दाखल झालो. राहण्या-जेवणाचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. त्या साली केळीला भाव नव्हता आणि धाकट्या बहिणीचे आजारपण चालू होते. एके संध्याकाळी आमच्या धर्मग्रामाचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू सायकलवरून घरी आले, ओटीवर बसले आणि त्यांनी वडिलांच्या हाती एक पाकीट ठेवले. आत तीस रुपये होते. "एका भल्या माणसाने तुमच्या मुलासाठी दिले आहेत. नाव विचारायचे नाही, अशी त्याची अट आहे," एवढेच ते म्हणाले. पुढे दर महिन्याला पाकीट येत राहिले. दोन वर्षे, चोवीस पाकिटे. मी शिक्षक झालो तो त्या चोवीस पाकिटांवर.

१९८४ साली वडील देवाघरी गेले. त्यानंतर ती वही माझ्याकडे आली. तिच्या मधल्या पानांवर एकाखाली एक चोवीस नोंदी होत्या. तारीख, 'मुलाच्या शिक्षणासाठी', तीस रुपये. आणि ज्याचे देणे त्याच्या नावाचा रकाना कोरा. खाली बेरीज होती, ७२० रुपये. सबंध वहीत रेघ न मारलेली तेवढीच एक रक्कम होती. आईने सांगितले, की मला नोकरी लागल्यावर वडील दोनदा पैसे घेऊन फादरांकडे गेले होते आणि दोन्ही वेळा फादरांनी त्यांना परत पाठवले होते. "देणाऱ्याला ते परत नको आहेत. फेडायचेच असेल तर पुढच्या एखाद्या मुलाला फेडा." वडिलांनी ते ऐकून घेतले, पण तिसऱ्याला दिलेले पैसे पहिल्याच्या खात्यावर जमा कसे करायचे, हे त्यांच्या हिशेबात बसेना. नोंद तशीच राहिली.

आईवडिलांचे पांग फेडावेत, गुरूच्या उपकारांतून उतराई व्हावे, असे आपण म्हणतो. तिथे निदान ऋणको आणि धनको समोरासमोर असतात. ज्या धनकोचे नावच ठाऊक नाही, त्याचे देणे कसे फेडायचे? परोपकाराविषयी मी जे काही शिकलो ते या एका प्रश्नाच्या मागोमाग जाताना शिकलो. म्हणून त्याच क्रमाने सांगतो.

आपल्या वसईला दानधर्माची परंपरा नवी नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि त्यांच्यामागोमाग 'मिझेरिकॉर्दिया' या नावाची दयाकार्याची संस्थाही किल्ल्यात आली. १४९८ साली लिस्बन शहरात राणी लिओनोर हिच्या आश्रयाने ती प्रथम स्थापन झाली होती. अनाथ मुलींची लग्ने, कैद्यांना मदत, रुग्णसेवा, बेवारस मृतांचे दफन अशी मोलाची कामे या संस्था करीत. परंतु हा प्रवाह सत्तेच्या उंचीवरून खाली येत होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला सर केला, राज्यकर्ते गेले आणि त्यांच्यासोबत ती संस्थाही गेली. आज किल्ल्यात भग्न भिंती उभ्या आहेत. किल्ल्याबाहेरच्या गावांतला साधा शेतकरी मात्र तिथेच राहिला, आणि त्याने आपली ख्रिस्तमंदिरे व आपली माणसे आपल्या बळावर सांभाळली.

त्याच शेतकऱ्याच्या दारी पुढे सावकार उभा राहिला. पीक हाती येण्याआधीच ते सावकाराचे झालेले असे. अशा वेळी धान्य वाटणे, कपडे वाटणे हा एक मार्ग होता. १९१८ साली मोन्सिन्यॉर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने वसईच्या कॅथॉलिक समाजाने दुसरा मार्ग धरला आणि आपली सहकारी पतसंस्था उभी केली. तीच आजची बॅसिन कॅथॉलिक बँक. शंभर वर्षांचा टप्पा ओलांडून ती आजही उभी आहे. मला या घटनेचे महत्त्व निराळ्याच कारणासाठी वाटते. भीक देताना समोरच्याच्या शब्दाची गरज नसते. कर्ज देताना मात्र त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. 'तू परत देशील' असे म्हणणे म्हणजे 'तू देण्यास समर्थ आहेस' असे म्हणणे होय. चार लोकांनी आपली लहानशी बचत एकत्र करावी, त्यातून पाचव्याने बैल घ्यावा, आणि त्याने फेडलेल्या हप्त्यांतून सहाव्याच्या विहिरीचे बांधकाम व्हावे, या व्यवहारात दाता कोण आणि याचक कोण हे सांगता येत नाही. सगळेच देणेकरी आणि सगळेच देणारे.

हे तत्त्व सहकाराच्या कायद्यापेक्षा पुष्कळ जुने आहे. जुन्या करारात, लेवीयच्या ग्रंथात, शेतकऱ्याला असा दंडक घालून दिला आहे, की शेताच्या कडाकोपऱ्यांतले पीक कापून नेऊ नये आणि कापणीच्या वेळी गळालेली कणसे पुन्हा वेचू नयेत. ती गोरगरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावीत. आपल्याकडे अशा मागे राहिलेल्या लोंब्यांना 'सरवा' म्हणतात. रूथ ही मवाबी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, तेव्हा त्याने आपल्या गड्यांना सांगितले, की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गळू द्या आणि तिला दटावू नका. मला ही बायबलमधली अतिशय नाजूक जागा वाटते. बवाजाला पोतेभर सातू तिच्या डोक्यावर सहज देता आले असते. त्याने तसे न करता तिचे वेचणे तिच्याकडे राहू दिले. रूथ संध्याकाळी घरी परतली ती आपल्या कष्टाचे धान्य घेऊन. परमुलखातून आलेली ही बाई पुढे दावीद राजाची पणजी झाली.

ही गोष्ट प्रत्यक्षात उतरताना मी एकदा पाहिली आहे. निवृत्तीनंतर मी आमच्या धर्मग्रामातील सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा सभासद झालो. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसह ही संस्था सुरू केली. गरिबांच्या वस्तीत कसे वागावे याचे धडे त्या तरुणांना सिस्टर रोझाली रेंदू यांनी दिले. मदत पाठवून द्यायची नाही, दोघांनी मिळून ती घरी न्यायची आणि त्या घरात घटकाभर बसायचे, ही पद्धत तेव्हापासूनची. ओझानाम यांना १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी धन्यवादित घोषित केले.

आमच्या यादीत एक वृद्ध सुतार होते. पत्नी वारलेली, मुलगा व्यसनात गेलेला, चूल कधी पेटे तर कधी नाही. आम्ही धान्याची पिशवी घेऊन गेलो, तर त्यांनी ती उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावली. "मी अजून मेलो नाही, मास्तर," एवढेच ते म्हणाले. आम्ही परतलो. पुढच्या बैठकीत यावर पुष्कळ चर्चा झाली. काहींचे म्हणणे असे पडले, की गर्व एवढा असेल तर गरज नसावी. शेवटी आमच्यातल्या एका भगिनीने सुचवले, की चर्चमधले मागचे बाक डुगडुगतात, ते त्यांना दाखवावेत. फादरांनी त्यांना बोलावले. म्हाताऱ्याने आपली हत्यारांची पेटी उघडली, तीन आठवडे खपून अकरा बाक नीट केले. मजुरीचे पाकीट हाती पडल्यावर त्यांनी नोटा मोजल्या, दोन बाजूला काढल्या आणि परत केल्या. "एवढे काम झालेले नाही." त्या दोन नोटा घेताना फादरांनी मान लववली. त्यानंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो, की ते आम्हांला आत बसवून काळा चहा देत. आजारपणात त्यांनी आमच्याकडून औषधही घेतले. घेण्याआधी त्यांना काही तरी देऊ दिले, एवढेच घडले होते.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ साली आपल्या पहिल्या परिपत्रकात प्रेमकार्याविषयी लिहिताना हीच जागा दाखवून दिली आहे. दिलेली वस्तू घेणाऱ्याला अपमान वाटू नये असे हवे असेल, तर वस्तूबरोबर देणाऱ्याने स्वतःलाही द्यावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हे पेलण्यासाठी पैसा कमी लागतो आणि वेळ पुष्कळ लागतो. म्हणूनच बहुधा आपण पैसा देऊन मोकळे होतो.

देणाऱ्याच्या नावाचाही एक प्रश्न आहे. आपल्या चर्चमध्ये, शाळेत, सभागृहात नजर टाका. बाकावर नाव, घड्याळावर नाव, ट्यूबलाइटच्या पट्टीवर नाव. आईवडिलांच्या स्मरणार्थ कोणी काही दिले, तर त्यामागची भावना मी समजू शकतो. तिची थट्टा करावी असे मला वाटत नाही. परंतु पंख्याच्या पात्यांवर रंगवलेले नाव पाहिले, की मला नेहमी गंमत वाटते. पंखा बंद असतो तोवर नाव स्वच्छ वाचता येते. पंखा फिरू लागला, की नाव दिसेनासे होते आणि खाली बसलेल्यांना फक्त वारा लागतो. उजव्या आणि डाव्या हाताविषयी प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात जी शिकवण दिली, ती त्या पंख्याला बरोबर समजलेली असते.

असे असले, तरी निनावी दान हेच सर्वांत शुद्ध दान, असे मी पूर्वी जितक्या सहजपणे म्हणत असे तितक्या सहजपणे आता म्हणत नाही. त्याला कारण आमच्याच गावाकडची एक मुलगी.

वडिलांच्या वहीतील त्या ७२० रुपयांपायी मी आणि माझे दोन शिक्षकमित्र मिळून दरवर्षी एका विद्यार्थ्याचा खर्च उचलू लागलो. नाव कळू द्यायचे नाही, हा आमचाही नियम. पैसे फादरांमार्फत जात. त्यांपैकी एक मुलगी परिचारिका झाली, परदेशी नोकरीला लागली आणि २०१९ साली तिने फादरांना पत्र पाठवले. सोबत तिच्या शिक्षणावर झालेला सगळा खर्च व्याजासकट होता. पत्रात तिने देणाऱ्याचे नाव मागितले होते आणि कारणही लिहिले होते. त्याचा आशय असा, की नाव ठाऊक नसल्यामुळे सुट्टीत गावी आले, की समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसापुढे मला संकोच वाटतो. न जाणो, यानेच दिले असतील. एकाचे ऋण असते तर मी त्याला एकदा भेटून मोकळी झाले असते. तुम्ही मला साऱ्या गावाची ऋणी करून ठेवले आहे.

फादरांनी ते पत्र मला वाचायला दिले. त्या रात्री मी वडिलांचा विचार करीत बसलो. १९६८ नंतरचे वडील मला आठवू लागले. वाडीत केळीचा घड उतरवला, की आळीतल्या प्रत्येक घरी ते एक फणी पाठवीत. कुणाच्या घरी मृत्यू झाला तर पहाटेची भाजी दादरला न पाठवता ते खांदा द्यायला जात. ज्यांच्याशी बांधावरून भांडण होते, त्यांच्या मुलाच्या लग्नातही ते पाण्याची पिंपे भरायला उभे राहिले होते. मी तेव्हा त्यांना भोळे समजत असे. आता वाटते, की तो भोळेपणा नव्हता. नावाचा रकाना कोरा होता, म्हणून गावातला कोणताही माणूस तो दाता असू शकत होता. मग ते प्रत्येकालाच थोडे थोडे फेडीत राहिले. धनकोचे नाव पुसले गेले, की त्या जागी सगळा समाज येऊन उभा राहतो. 'समाजाचे देणे' या शब्दांचा याहून नेमका अर्थ मला अजून सापडलेला नाही.

त्या मुलीचा संकोचही तितकाच खरा होता. तिला नाव सांगावे की सांगू नये, यावर आम्ही तिघांनी बराच खल केला. अखेर नाव सांगितले नाही. मात्र फादरांमार्फत एक निरोप धाडला. ज्यांनी तुला दिले त्यांनाही कोणीतरी दिले होते आणि त्यांनाही ते नाव कधी कळले नाही. तेव्हा तू कोणा मोठ्या माणसाची ऋणी नाहीस. तू देणेकऱ्यांच्या रांगेत उभी आहेस आणि तुझ्यापुढे उभे असलेलेही देणेकरीच आहेत. मान खाली घालण्याचे कारण नाही. पैसे परत करायचे असतील तर ते पुढच्या मुलीसाठी ठेवून घेऊ.

तिने पैसे ठेवू दिले. पुढच्या सुट्टीत ती आली तेव्हा आमच्या सोसायटीच्या लोकांबरोबर घरोघर फिरली, आजारी माणसांचे रक्तदाब मोजले, अंथरुणाला खिळलेल्या एका आजीच्या जखमा रोज जाऊन स्वच्छ केल्या. गावातल्या माणसांकडे ती आता सरळ पाहून हसते, एवढे मी पाहिले आहे.

आता थोडे आपल्या आजच्या दिवसांविषयी. आपल्या वाड्यांतले रहाट केव्हाच थांबले. भाताच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. अनेक घरांत पैसा आला आणि मुले परदेशी गेली. देणे फार सोपे झाले आहे. भ्रमणध्वनीवर चार बोटे फिरवली, की दूरदेशीच्या मुलाची देणगी चर्चच्या खात्यावर जमा होते. त्या देणग्यांतून चांगली कामे होतात, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु भाताच्या लावणीला एकमेकांच्या शेतावर जाण्याची आपली जी रीत होती, ती पैशाने भरून निघालेली नाही. लावणीला आलेल्या शेजाऱ्याचे देणे आपण पैशाने फेडीत नव्हतो. त्याच्या शेतावर जाऊन, त्याच्याच चिखलात उभे राहून फेडीत होतो. त्या निमित्ताने कोणाच्या घरी काय दुखते-खुपते ते कळत असे.

जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी तुंबले, रेल्वे थांबली, वीज गेली. आमच्या भागात मोठ्या बंगल्यांत एकेकटी राहणारी म्हातारी माणसे अडकून पडली. त्यांच्या बँकेत पैसे होते, पण घरात उकळलेले पाणी नव्हते. गुडघाभर पाण्यातून त्यांच्यापर्यंत पाणी आणि दूध घेऊन जे पोहोचले, त्यांत चाळीत भाड्याने राहणारी दोन कुटुंबे होती. त्यांपैकी एकाचे नाव आमच्या धान्याच्या यादीत होते. दाता आणि याचक या भिंती किती कच्च्या असतात, हे तीन दिवसांच्या पावसाने दाखवून दिले.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी करुणेच्या ज्युबिली वर्षाच्या अखेरीस, २०१६ साली, 'गरिबांचा जागतिक दिन' पाळण्याचे ठरवले आणि २०१७ पासून तो दर नोव्हेंबरात पाळला जातो. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामांत जेवणे होतात, वस्तूंचे वाटप होते. माझी वाचकांना एक नम्र सूचना आहे. यंदा त्या दिवसाच्या आधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे आणि आपल्या कुटुंबावर कोणाकोणाचे देणे आहे याची एक यादी करावी. आजोबांना वाडी कसायला कोणी मदत केली, आईच्या बाळंतपणात रात्री कोण धावून आले, मुलाला पहिल्या नोकरीसाठी कोणी चिठ्ठी दिली, ते आठवून लिहावे. पुष्कळ नावे आठवतील. काही रकाने कोरेच राहतील. ज्यांची नावे आठवली त्यांना भेटून यावे. कोऱ्या रकान्यांसाठी मात्र दार उघडे ठेवावे लागेल. त्या दारातून कोण आत येईल हे आपल्या हाती नाही.

आमच्या सोसायटीच्या यादीत सध्या चौदा घरे आहेत. त्यांपैकी पाच घरांना धान्याची गरज नाही, पैशाचीही नाही. तिथे फक्त संध्याकाळी कोणीतरी जाऊन बसायला हवे आहे. आम्ही सभासद नऊ आहोत आणि दोघांनी मिळून जायचे, असा आमचा नियम आहे. हिशेब सोपा आहे. माणसे कमी पडतात.